अवाक् म्हणजे काय?

वेरूळचे कैलास लेणे आपल्यापैकी काहींनी पाहिले असेल. सुमारे १२५० वर्षांपूर्वी, राष्ट्रकूट राजांच्या काळात ते कोरले. एवढे मोठे देऊळ, पण चिऱ्यावर चिरा ठेवून बांधलेले नाही. डोंगराचा खडक वरून खाली फोडत आणला आणि सारे देऊळ एकाच दगडात घडवले. शिखर आधी झाले, जोते मागाहून! हे कळले की बोलका माणूसही गप्प होतो. तोंड उघडे राहते, पण शब्द फुटत नाही. अशा वेळी आपण म्हणतो, तो अवाक् झाला.

‘वाक्’ हा संस्कृत शब्द. वाक् म्हणजे वाणी, बोलणे. वाचा, वाक्य हे त्याच घरचे शब्द. ‘अ’ म्हणजे नाही. आश्चर्याने ज्याची वाणी थांबली, तो अवाक्. कुठे शेवटच्या ‘क’चा पाय मोडतात, कुठे नुसते ‘अवाक’ छापतात. शब्द एकच. तो अवाक् झाला, ती अवाक् झाली, ते अवाक् झाले. शब्दाचे रूप बदलत नाही.

काना मात्र सांभाळा हं! बाजारात कांद्याची होते ती ‘आवक’. कामाचा असतो तो ‘आवाका’. काना इकडचा तिकडे गेला की अर्थ फिरला.

आणखी एक. गप्प राहणारा प्रत्येक माणूस अवाक् नसतो. भीतीने बोलता येईना, तर त्याची बोबडी वळली. ठाऊक असून बोलला नाही, तर तो मूग गिळून बसला. आश्चर्याने गप्प झाला, तरच अवाक्.

समजा, एक बाई बँकेत पैसे भरायला गेल्या. कारकुनाने सवयीने अंगठ्यासाठी शाईची डबी पुढे सरकवली. बाईंनी ती बाजूला सारली, पेन मागितले आणि आपले नाव लिहिले. मग पावती वाचून म्हणाल्या, “भाऊ, मी पाचशे दिले. इथं पन्नासच लिहिलेत बघा. एक शून्य राहिलं.”

कारकून अवाक् झाला!

आजवर त्या बाईही गप्पच असत. पण ते अवाक् होणे नव्हते. वाचता येत नव्हते, म्हणून गप्प राहावे लागे. आता तसे राहायचे कारण उरले नाही.

तुम्ही कधी अवाक् झालात? कशाने? चार ओळी लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.