फिर्यादीची नक्कल (लेखांक सहावा)

घरातील छळाची फिर्याद कोणी व कोणत्या प्रसंगी द्यावी, याचा विचार मागील लेखांकात झाला. त्या फिर्यादीचा जो कागद होतो, तो पीडित स्त्रीच्या हाती कसा यावा, हा आजचा विषय वरवर किरकोळ वाटेल. परंतु पोटगी, निवारा, मुलांचा ताबा अशा पुढील मागण्यांना न्यायालयात पहिला आधार बहुधा ह्याच कागदाचा मिळतो.

‘नवऱ्याने मारले’ एवढेच सांगून बाई थांबली, तर ठाणे अंमलदार साध्या दुखापतीची अदखलपात्र नोंद करतो, आणि ज्याला सारे ‘एनसी’ म्हणतात तो कागद घेऊन, गुन्हा दाखल झाला अशा समजुतीने, ती परतते. वास्तविक अशा नोंदीवर न्यायदंडाधिकाऱ्याच्या हुकुमावाचून पोलिसांना तपासच करता येत नाही. तोच मार जर हुंड्याच्या तगाद्याचा, किंवा जिवास व प्रकृतीस गंभीर अपाय करणाऱ्या क्रूर वर्तनाचा भाग असेल, तर ती हकीकत भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ मध्ये, म्हणजे १ जुलै २०२४ पूर्वीच्या ४९८-अ मध्ये बसते, आणि स्वतः पीडितेने किंवा तिच्या बापाने, भावाने खबर दिल्यास हा गुन्हा दखलपात्र ठरतो. म्हणून छळाचा सारा तपशील, आठवतील त्या तारखांसह, जबाबात उतरला पाहिजे. तोंडी दिलेली खबर लिहून घेऊन ती देणाराला वाचून दाखवणे कायद्याने बंधनकारक असल्यामुळे, अक्षरओळख नसलेल्या बाईनेही वाचून दाखवल्याशिवाय अंगठा उठवू नये. त्या प्रथम खबरीची नक्कल खबर देणारास किंवा पीडितास तत्काळ व विनामूल्य द्यावी, असे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ सांगते. ‘साहेब आल्यावर या’ हे उत्तर त्या कलमात कोठेही बसत नाही.

आपल्या बीड जिल्ह्यापुरती एक अडचण फार मोठी आहे. दिवाळीच्या सुमारास केज, धारूर, वडवणी, पाटोदा अशा तालुक्यांतील असंख्य जोडपी मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊसतोडीस जातात. तेथे नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जात असल्याने, मार खाऊन कोपीतून निघालेली बाई एकाच वेळी संसाराला आणि उचलीच्या कराराला पारखी होते. अशा अवस्थेत माहेर गाठलेल्या बाईला ‘घटना तिकडची, तिकडेच जा’ म्हणणे अन्यायाचे तर आहेच, शिवाय बेकायदेशीरही आहे. हद्दीबाहेरचा दखलपात्र गुन्हाही शून्य क्रमांकाने नोंदवून योग्य ठाण्याकडे वर्ग करणे पोलिसांवर बंधनकारक आहे. इतकेच नव्हे, तर सासरच्या छळामुळे स्त्रीने जेथे आश्रय घेतला, तेथील न्यायालयातही परिस्थितीनुसार ४९८-अ चा खटला चालू शकतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने रूपाली देवी खटल्यात ९ एप्रिल २०१९ रोजी दिला आहे. शून्य क्रमांकाची नक्कल घेतल्यावर, वर्ग झालेल्या गुन्ह्याचा कायम क्रमांकही मागून घ्यावा.

फौजदारी फिर्याद नको असेल, तरी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येते. तो घटनेचा अहवाल तयार करून न्यायदंडाधिकाऱ्याकडे पाठवतो, आणि लिहून घेतलेल्या माहितीची नक्कल बाईला फुकट देणे त्याच्यावरही बंधनकारक आहे.

नक्कल मिळाली की ती सासरी नेऊ नये. ठाण्यात पत्ता माहेरचा किंवा विश्वासू नातलगाचा द्यावा, आणि भ्रमणध्वनीचा क्रमांक असा द्यावा की ज्यावरचा संदेश नवऱ्याच्या नजरेस पडणार नाही. कारण असा कागद अवेळी सापडल्याने मार वाढण्याचा धोका असतो, आणि ही सावधगिरी बाईला आधी सांगणे हे तिच्यासोबत जाणाऱ्याचे कर्तव्य आहे.

ठाण्याने फिर्याद नोंदवण्याचेच नाकारले, तर तोच मजकूर टपालाने बीडच्या पोलीस अधीक्षकांकडे पाठवावा व पोचपावती जपून ठेवावी. तेथेही दाद न लागल्यास न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. त्यासाठी वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो, आणि स्त्रीला त्याकरिता मिळकतीची कोणतीही अट नाही.