जुन्या मोटारीचे बुश

जुनी मोटार पुन्हां चालती करतांना सर्वांचें लक्ष रंगाकडे व एंजिनाकडे जातें. सांध्यांतील बुश मात्र दृष्टीआड राहतात. बुश म्हणजे धातूच्या दोन भागांमध्यें बसविलेली रबराची जाड नळी.

मुंबईस कुर्ला येथें १९६४ सालापासून तयार झालेली फियाट डिलाइट घ्या. पुढें हीच पद्मिनी झाली. या गाडीस निराळी चौकट नाहीं. पत्र्याचा सांगाडा हाच तिचा आधार. पुढील चाकांचे भुज व मागील कमानपाटे रबरी बुशांवर बसविलेले असतात. आळेफाट्याहून माळशेज घाटाकडे किंवा घोडेगांवाहून भीमाशंकराकडे जातांना खड्ड्यांचे हादरे हे बुशच सोसतात.

हल्लीं पॉलियुरेथेनचे टणक बुश मिळतात. ते तेलानें सहसा बिघडत नाहींत आणि त्यांच्यामुळें वळणावर चाकें कमी डळमळतात. शर्यतीच्या गाडीस हा गुणच होय. परंतु जो हादरा बुश गिळीत नाहीं, तो पत्र्याकडे जातो. आणि साठ वर्षांच्या, गंजानें झिजलेल्या पत्र्यास जोडाशींच भेग पडण्याचें भय असतें. बुश पुन्हां मिळतो, मूळ सांगाडा मिळत नाहीं. म्हणून घरच्या गाडीस रबरच श्रेयस्कर.

मात्र कित्येक वर्षें पडून राहिलेलें, चिरा गेलेलें रबर घेऊं नये. दोन्ही बाजूंचे बुश एकाच वेळीं बदलावे. एंजिनाचें तेल गळत असेल तर तें आधीं थांबवावें. तेलानें रबर फुगतें. आणि बोल्ट अखेरचे आवळावयाचे ते गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असतांना. ती अधांतरीं असतां आवळल्यास रबर सदैव पिळलेलें राहतें व लवकर फाटतें.