जळलेल्या गवताचा माग

२०२०च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियात वणवे पेटलेले असताना एक आकडा जगभर फिरला: १८३. न्यू साउथ वेल्स राज्यात १८३ आगलाव्यांना पकडलं, म्हणजे हे वणवे उन्हाळ्यानं नव्हे तर माणसांच्या दुष्टपणानं लागले, असं त्या आकड्याच्या जोरावर सांगितलं गेलं. पोलिसांचं मूळ निवेदन वाचलं की वेगळंच चित्र दिसतं. १८३ जणांवर काही ना काही कारवाई झाली होती आणि त्यात नुसती समज देऊन सोडलेलेही होते. ५३ जणांवर आगबंदीचा आदेश मोडल्याचा ठपका होता, ४७ जणांवर पेटती सिगारेट किंवा काडी टाकल्याचा. मुद्दाम आग लावल्याचा आरोप होता तो २४ जणांवर. आणि त्या मोसमातला सर्वांत अजस्र वणवा, गॉस्पर्स माउंटनचा, पाच लाख हेक्टरांहून जास्त रान खाऊन गेला, तो लागला होता वीज पडून.

संपादकांनी वणव्यांवर लेख मागितला तेव्हा विझवणाऱ्यांवर लिहावं असं ठरत होतं. पण या आकड्यानं मला दुसरीकडे ओढलं. वणवा कशानं लागला, हे ठरवतं कोण? पाच लाख हेक्टरांच्या राखेत पहिली ठिणगी कुठं पडली, हे शोधायचं तरी कसं? शोधत गेल्यावर कळलं की राखेत गुडघे टेकून हे काम करणाऱ्यांत बरीच माणसं पगारी नाहीत. आठवडाभर आपापली नोकरी, शेती, दुकान सांभाळायचं आणि फोन आला की ओंजळभर जागेतलं जळकं गवत तपासायला निघायचं, असा त्यांचा शिरस्ता आहे.

अधिकृत इतिहास थोडक्यात सांगून टाकतो. व्हिक्टोरिया राज्यात १९३९च्या जानेवारीत लागलेल्या आगींत ७१ माणसं गेली. त्यानंतरच्या चौकशा आणि आणखी काही वणव्यांनंतर १९४५मध्ये ‘कंट्री फायर अथॉरिटी’ उभी राहिली. शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये गावोगावची स्वयंसेवी पथकं आधीपासून होतीच. १९९७च्या कायद्यानं ती ‘रूरल फायर सर्व्हिस’ या एका छत्राखाली आली. आज तिथं सुमारे दोन हजार पथकं आणि सत्तर हजारांच्या आसपास स्वयंसेवक आहेत. प्रत्येक पथक आपला कप्तान आपणच निवडतं.

तपासाची साखळी या गावपथकापासूनच सुरू होते. पहिला बंब पोचतो तेव्हा त्याच्या म्होरक्यावर विझवण्याबरोबरच आणखी एक जबाबदारी असते. धूर कुठून निघत होता, वारा कुठला होता, वाटेत कुठली गाडी उलट दिशेनं गेली, हे ध्यानात ठेवायचं; आग जिथून निघाली असावी असं वाटतं तिथं फीत बांधायची आणि आपल्या माणसांना तिथं पाय ठेवू द्यायचा नाही. कारण उघड नसेल, संशय असेल किंवा नुकसान मोठं असेल, तर प्रशिक्षित तपासनीस बोलावला जातो. तो स्वयंसेवक असेल किंवा नोकरदार, त्यानं आधी काही वर्षं आगीसमोर उभं राहून काढलेली असावीत अशी अपेक्षा असते. त्याचा अहवाल मुख्यालयाकडे जातो. गुन्ह्याचा वास आला की सूत्रं पोलिसांकडे जातात. आणि या दोन्ही राज्यांत कॉरोनरला, म्हणजे अकस्मात मृत्यूंची चौकशी करणाऱ्या न्यायाधिकाऱ्याला, कोणी मेलेलं नसलं तरी नुसत्या आगीचीही चौकशी करता येते. ही तरतूद मला फार मोलाची वाटते. आग हीच एक घटना आहे आणि तिचं कारण जनतेला कळलं पाहिजे, असं तिथल्या कायद्यानं मान्य केलंय.

आता ज्या गोष्टीनं मला खिळवून ठेवलं तिच्याकडे येतो. ती म्हणजे गवताची काडी.

वाऱ्याबरोबर धावणारी आग गवताला वरून खाते. शेंडा आधी जळतो, मग खोड, आणि मागं उरतात बोटभर उंचीची काळी धसकटं. पण प्रत्येक वणव्याला पाठही असते. तिथली आग वाऱ्याच्या विरुद्ध, इंचाइंचानं, जमिनीलगत मागं सरकत असते. ती काडीच्या बुंध्याशी पोचते आणि बुंधाच जाळते. आधार गेला की काडी आडवी होते, बहुधा आग जिकडून आली त्या बाजूला, म्हणजे आधीच जळून गेलेल्या जमिनीवर. तिथं जाळायला काही उरलेलं नसतं, म्हणून शेंडा शाबूत राहतो. असे शेकडो न जळलेले शेंडे काळ्या जमिनीवर पडलेले असतात आणि बहुतेकांची टोकं आग आली त्या दिशेला असतात. एक काडी काहीच सिद्ध करत नाही, ती वाऱ्यानं किंवा बुटानंही वळलेली असू शकते. एका वाफ्यातल्या बहुसंख्य काड्या एकच दिशा दाखवू लागल्या, की तपासनीस तिथं निळी झेंडी रोवतो.

वाऱ्यासोबत पुढं गेलेल्या आगीच्या खुणेला लाल झेंडी, बगलेनं पसरलेल्या आगीला पिवळी, मागं सरकलेल्या आगीला निळी. पुरावा सापडेल तिथं पांढरी. अमेरिकेतल्या वणवा-तपासाच्या हस्तपुस्तिकांनी रूढ केलेली ही पद्धत आहे. तपासनीस थेट मध्यभागी जात नाही. आधी वणवा प्रथम पाहणाऱ्याशी बोलणं, हवामानाच्या नोंदी, मग संशयित जागेभोवती एक फेरी, मग उलट दिशेनं दुसरी. एका बाजूनं जाताना न दिसलेली खूण परत येताना उन्हाच्या तिरिपेत दिसते. खुणाही नाना तऱ्हेच्या असतात. कुंपणाच्या तारेवरून बोट फिरवलं तर आगीकडच्या अंगाला काजळी लागते. दगडाचा ढलपा बहुधा आगीकडून उडालेला असतो. जमिनीवर पडलेल्या डब्यानं आपल्या आडोशाचं गवत वाचवलेलं असतं. झाडाची पानं आचेनं मऊ होऊन वाऱ्याच्या दिशेला झुकतात आणि आग सरली की तशीच ताठ होतात. डोंगरउतारावर खोडावरचा काळा पट्टा आग चढत गेली असेल तर उतारापेक्षा तिरपा असतो, मागं उतरत आली असेल तर जमिनीला समांतर.

लाल, पिवळ्या, निळ्या झेंड्या वाढत जातात आणि त्यांच्या मधोमध एक तुकडा उरतो, जिथं खुणा एकमेकींशी भांडतात. आग तिथं अजून लहान होती, तिनं दिशा धरलेली नव्हती. हीच ती जागा. मग तिथं दोऱ्या ताणून अरुंद पट्टे आखायचे आणि पोटावर आडवं होऊन एकेक पट्टा भिंगातून पाहायचा. राखेवरून लोहचुंबक फिरवायचं, राख चाळणीतून चाळायची. रेल्वेच्या ब्रेकचा कपचा, ग्राइंडरचा लोखंडी कीस, विजेच्या तारेचा वितळलेला मणी, काडेपेटीतल्या काडीचं जळकं टोक, असं काहीतरी हाती लागेल या आशेनं. कधी काहीच लागत नाही, आणि त्याचाही विचार करावा लागतो. सिगारेटनं आग लागली असं म्हणायला सगळे सोकावलेले असतात, पण हवेत दमटपणा बऱ्यापैकी असेल तर पडलेलं थोटूक बहुतेक वेळा नुसतंच विझतं. म्हणून त्या घडीची आर्द्रता ठाऊक नसताना थोटकावर बोट ठेवायचं नाही, असं शिकवलं जातं.

शिकवण्याची पद्धतही याला साजेशी आहे. प्रशिक्षक मोकळ्या रानात गवताचे तुकडे ताब्यात राहील अशा बेतानं पेटवतात. कुठं आणि कशानं, ते फक्त त्यांना ठाऊक. जमीन निवली की शिकाऊ माणसं झेंड्या घेऊन आत शिरतात, जागा शोधतात, कारण लिहितात आणि मग प्रशिक्षक खरं काय ते सांगतो. दुसऱ्या कुठल्या तपासाच्या धंद्यात उत्तर इतक्या लवकर पडताळायला मिळत असेल, असं मला वाटत नाही. आणि हे पडताळणं चैनीचं नाही. २००५मध्ये लास व्हेगासमध्ये दोन खोल्या पेटवून ५३ तपासनिसांना विचारलं, आग खोलीच्या कुठल्या चतुर्थांशात सुरू झाली? प्रत्येक खोलीच्या बाबतीत बरोबर सांगणारे निघाले तिघे. त्या बंद खोल्या होत्या, रान नव्हतं. पण अनुभवी डोळा आत्मविश्वासानं चुकतो, हे त्या प्रयोगानं कायमचं सांगून ठेवलं.

म्हणूनच देखरेख. अहवालात पाहिलेलं आणि अनुमान वेगवेगळं लिहायचं, दुसऱ्या शक्यता का नाकारल्या ते नोंदवायचं, आणि ठरत नसेल तर ‘कारण अनिर्णित’ असं स्पष्ट लिहायचं. वरचा जाणकार तो अहवाल तपासतो. ‘अनिर्णित’ हा शेरा तिथं कमीपणाचा मानत नाहीत, ही गोष्ट मला या सगळ्या व्यवस्थेचा कणा वाटते.

कारण शोधण्यानं काय साधतं, याचं उत्तर ७ फेब्रुवारी २००९च्या दिवसात आहे. व्हिक्टोरियात त्या शनिवारी १७३ माणसं मेली, त्यांतली ११९ एकट्या किलमोर ईस्टच्या वणव्यात. तो तपास पोलीस, वीजसुरक्षेचे तज्ज्ञ आणि अखेर रॉयल कमिशन यांनी केला. दरीवरून गेलेली किलोमीटरभर लांबीची, ४३ वर्षं जुनी वीजतार तुटली होती. खांबाशी तिची गुंडाळलेली पकड खोबणीत नीट बसलेली नव्हती. वाऱ्यानं हलून हलून तारेचे पदर थकले आणि एके दिवशी तुटले. कमिशननं पाहिलेल्या १५ आगींपैकी पाचांचा संबंध वीजयंत्रणेतल्या बिघाडाशी निघाला. त्यातून पुढं तार तुटताच जमिनीकडे जाणारा प्रवाह क्षणार्धात आवळणारी यंत्रं ४५ उपकेंद्रांत बसवण्याची सक्ती झाली. ‘उष्णतेची लाट, दैवी कोप’ एवढं लिहून फाइल मिटली असती तर ती यंत्रं बसलीच नसती.

पण ही सगळी इमारत स्वयंसेवेवर उभी आहे आणि तिला तडे आहेत. पहिला तडा विझवणाऱ्यांनीच पाडलेला. पाण्याचा फवारा, बुटांचे ठसे, बंबाची चाकं आणि विझल्यावर निखारे उकरणारी फावडी यांनी आडव्या पडलेल्या काड्या क्षणात नाहीशा होतात. घर वाचवायचं की गवताची काडी, असा प्रश्न असेल तर उत्तर घरच असणार, असायलाच हवं. पाऊस आला, वारा उठला तरी पुरावा गेला. मोसम भडकला की एका दिवसात डझनांनी आगी लागतात आणि तपासनीस मोजके. मग मोठ्या आगीकडे सगळे जातात, आणि एखाद्या माळावर कुणीतरी पुन्हा पुन्हा लावत असलेल्या छोट्या आगींचा आकृतिबंध कुणाच्याच नजरेत येत नाही. मुद्दाम लावणारा नेमका तिथंच सापडू शकला असता.

दुसरी अडचण ओळखीची. गावातला तपासनीस गावातल्याच शेतकऱ्याच्या बांधावर झेंड्या रोवतो. तण जाळताना आग हातची गेली, असं त्याला लिहावं लागतं, आणि पुढल्या रविवारी तोच शेतकरी त्याच्या शेजारी बंबावर उभा असतो. समोरचा बलाढ्य असला तर आणखी कसोटी. २०१३च्या ऑक्टोबरात लिथगोजवळच्या स्टेट माइन वणव्याचं कारण रूरल फायर सर्व्हिसच्या तपासात निघालं ते संरक्षण खात्याचा दारूगोळ्याचा सराव. सर्व्हिसनं ते जाहीर केलं. एवढं धैर्य एकट्या स्वयंसेवकाच्या खांद्यावर टाकता येत नाही. त्याच्या पाठीशी संस्था, लेखी पद्धत आणि सद्हेतूनं केलेल्या कामाला कायद्याचं संरक्षण लागतं.

सर्वांत दुखरी जागा मात्र आतली. आग लावणारा कधी कधी आपल्यातलाच निघतो. २०१९च्या नोव्हेंबरात, वणवे ऐन भरात असताना, बेगा खोऱ्यातल्या १९ वर्षांच्या स्वयंसेवकावर आगी लावल्याचे सात आरोप ठेवले गेले. नवा सदस्य घेताना पोलिसांकडची नोंद तपासली जाते, पण मनात काय आहे ते कुठल्या नोंदीत असतं? आपल्या पथकाच्या हद्दीतली आग बाहेरच्या तपासनिसानं पाहावी, हा साधा उपाय सुचतो. माणसं कमी असली की नेमका तोच आधी बाजूला पडतो. आणि न्यायालय. मुद्दाम वणवा लावण्याला न्यू साउथ वेल्समध्ये २१ वर्षांपर्यंत कैद आहे. तेव्हा दोन वर्षांपूर्वीच्या एका दुपारी गवताची काडी कुठल्या अंगाला पडली होती, हे बचावाचा वकील तासन्‌तास विचारणार. त्यासाठी स्वयंसेवकाला रजा काढावी लागते. वणव्यात घर आणि माणूस गमावलेल्यांचे जबाब त्यानं घेतलेले असतात, ते डोक्यातून जात नाहीत ते वेगळंच.

या अडचणी वाचत असताना माझं मन सारखं सह्याद्रीत येत होतं. आपल्याकडे फेब्रुवारी ते मे डोंगर काळे होतात. फॉरेस्ट सर्व्हे ऑफ इंडिया उपग्रहांच्या आधारे आग कुठं आहे ते कळवते; का लागली ते उपग्रहाला दिसत नाही. जाळलं की पुढच्या साली गवत जोमानं येतं ही समजूत, मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाचोळा पेटवणं, तेंदूला नवी पालवी यावी म्हणून लावलेली आग, पर्यटकांची चूल, तुटलेली तार: कारणं आपल्याला सगळी माहीत आहेत, पण यंदा या डोंगरावर यांतलं नेमकं कोणतं, हे कुणी पाहत नाही. ‘अज्ञात इसम’ एवढ्यावर प्रकरण मिटतं. अज्ञात इसमाला १९२७चा भारतीय वन कायदा काही करू शकत नाही, आणि तार तुटली असेल तर इसमाचा प्रश्नच नाही.

फांद्या घेऊन वणवा झोडपायला धावणारी तरुण पोरं आपल्याकडेही आहेत, गडकिल्ले राखणाऱ्या संस्था आहेत, वनरक्षक आहेत. वनविभागानं यांतल्या काहींना निदान पहिली पायरी शिकवावी: उगमाची जागा ओळखणं, ती राखणं, वारा आणि वेळ टिपणं, फोटो काढणं. त्यांच्या नोंदी तपासायला प्रत्येक वनविभागात एक प्रशिक्षित अधिकारी नेमावा आणि ‘अनिर्णित’ लिहायची मुभा द्यावी. तोवर वाचकांकडे एक मागणं आहे. डोंगरावर धूर दिसला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा, आणि सांगताना किती वाजता, धूर आधी कुठून उठला आणि वारा कुणीकडून होता, हेही सांगा.