जीपचा निनावी एक्सल

धुळे आणि जळगाव यांच्या मधल्या पट्ट्यात, पारोळा-एरंडोलच्या आसपास, जुनी जीप विकायला निघाली की मालक हमखास ‘मिलिटरीची आहे’ असे सांगतो. कधी ते खरेही असते. दुसऱ्या महायुद्धात विलीस आणि फोर्ड या अमेरिकी कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बनवल्या आणि युद्धानंतर त्यांतल्या कित्येक आपल्याकडे लिलावात निघाल्या. पुढे महिंद्रांनी मुंबईत माझगावला विलीसच्याच नागरी जीपा जोडायला घेतल्या. दोन्हींचे रूप इतके जवळचे की पत्रा आणि रंग पाहून काही ठरत नाही. पत्रा तर बहुधा तिसऱ्यांदा ठोकलेला असतो. म्हणून मी सरळ गाडीखाली शिरतो आणि मागच्या एक्सलपासून सुरुवात करतो.

एक्सल म्हणजे बैलगाडीचा आखच. मात्र याच्या पोटात एक लोखंडी गोळा असतो. इंजिनाकडून येणारा लांब दांडा त्यातल्या छोट्या पिनियनला फिरवतो, पिनियन मोठ्या क्राउनला आणि क्राउन चाकांना. दोन्हींचे दात किती, हे गोळ्याच्या झाकणावरच्या एका पत्र्याच्या पट्टीवर कोरलेले असे. पण झाकण एकदा उघडले की ही पट्टी मिस्त्रीच्या हातून हरवते, आणि एक्सल निनावी होतो.

पहिली खूण चाकाच्या मध्यभागी. तिथे सहा बोल्टांची चकती असेल तर तो युद्धकाळातला नमुना. त्यात गाडीचे वजन नळी पेलते आणि आतला शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहते. एकच मोठा नट असेल तर तो नंतरचा नागरी नमुना. त्यात शाफ्ट तुटला तर चाकच निघून जाऊ शकते. तोरणमाळच्या घाटात हा फरक पुस्तकी राहत नाही.

पण अगदी सुरुवातीच्या काही नागरी जीपांनाही सहा बोल्टच होते. म्हणून दात मोजावे लागतात, आणि त्यासाठी गोळा उघडायची गरज नाही. गिअर न्यूट्रल करायचा, एक मागचे चाक जॅकवर उचलायचे, दुसरे जमिनीवरच ठेवायचे. या जीपांचा हँडब्रेक चाकांना नव्हे, त्या लांब दांड्यालाच धरतो. तो सोडावा लागतो, म्हणून आधी बाकीच्या चाकांना पुढून-मागून दगड लावायचे. हे विसरणारा मिस्त्री मी पाहिलेला नाही, हौशी माणसे मात्र पाहिली आहेत. मग दांड्यावर खडूची रेघ ओढून उचललेले चाक १६ वेळा फिरवायचे. दांड्याच्या ३९ फेऱ्या झाल्या तर ८ आणि ३९ दातांची युद्धकाळातली जोडी. ४३ झाल्या तर ८ आणि ४३ ची नागरी. इंग्लंडच्या जुन्या स्पोर्ट्स कारवाल्यांनाही हाच हिशेब करावा लागतो: एमजीएला मूळ जोडी १० आणि ४३ ची, तिच्या मागून आलेल्या एमजीबीला ११ आणि ४३ ची.

फोर्डने आपल्या जीपच्या बोल्टांवर ‘एफ’ उठवला होता. विकणारे तो आवर्जून दाखवतात. माझ्या मते त्याला फार किंमत देऊ नये. बोल्ट या गाडीतून त्या गाडीत सहज जातात.

पारोळ्याजवळ मी तपासलेल्या एका जीपला मागे एकच नट होता, आणि फेऱ्या ४३ भरल्या. पुढचा एक्सल तसाच मोजला, तर ३९. म्हणजे गाडी बहुधा खरोखर मिलिटरीची होती, मागचा एक्सल नंतर बदललेला. यात नवल नाही. या गाड्यांनी वर्षानुवर्षे दाटीवाटीने माणसे वाहिली, ओझे सगळे मागे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर रस्ते जिथे भेटतात त्या धुळ्यात मोडका एक्सल काढून मिळेल तो बसवून देणारे हात कायम होते.

धोका वेगळाच होता. चारही चाकांना जोर दिला की पुढची चाके मागच्यांपेक्षा सुमारे दहा टक्के जास्त फिरू पाहतात. काळ्या मातीच्या चिखलात टायर घसरून ते निभावते, डांबरावर मात्र दाते फुटतात. मालकाला म्हटले, “भाऊ, चार चाकांची दांडी आधी तारेने बांधून टाका.”

उपाय दोन होते. मागे ३९ ची जोडी असलेला जुना एक्सल शोधायचा, किंवा पुढे ४३ ची जोडी बसवायची. दुसरी सहज मिळते, पण ती बसवली की मिलिटरीचा उरलेला पुरावाही जातो. मालकाच्या घरची माणसे त्याच गाडीतून शेतात जातात. त्याने दुसरा उपाय निवडला, आणि मीही तोच सांगितला असता. निघालेली ३९ ची जोडी मी भंगाराच्या भावाने घेतली. तिचे पिनियन सध्या माझ्या टेबलावर कागद दाबायला आहे.