घोटा पुन्हा दगा देतोय?

'हिल्स घालणं बंद कर!' पाय मुरगळलेल्या प्रत्येक मुलीला मिळणारा हा फुकट सल्ला मीही पुष्कळ ऐकलाय. गंमत म्हणजे वर्षभरात माझा डावा घोटा तीनदा मुरगळला, आणि तिन्ही वेळा पायात स्पोर्ट्स शूज होते!

२०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार, दर हजार सराव-सामन्यांमागे घोटा मुरगळण्याचं प्रमाण महिलांमध्ये १३.६, तर पुरुषांमध्ये ६.९४ होतं. जवळपास दुप्पट. आता खेळाच्या मैदानावर हिल्स कोण घालतं? बायकांचे सांधे सरासरी जास्त सैल असतात, हे त्यामागचं एक संभाव्य कारण.

पण मुलांनो, तुमचीही सुटका नाही! पहिल्यांदा मुरगळल्यावर दहापैकी चार जणांपर्यंत हा त्रास कायमचा मागे लागू शकतो. दुखणं थांबतं, पण ताणलेलं लिगामेंट आणि घोट्याचा हरवलेला तोल आपोआप सुधारेलच असं नाही.

उपाय मात्र दोघांना सारखाच: तोल सांभाळण्याचे व्यायाम. सूज उतरली की फिजिओथेरपिस्टला गाठा आणि त्यांना विचारून दात घासताना एका पायावर उभं राहायला लागा. बेसिन धरायला आहेच!