गाठीची हाक, रक्तवाहिनीची ओ

सशाची थायरॉइड ग्रंथी काचेच्या पात्रात जिवंत ठेवलेली. तिच्यातून रक्ताऐवजी हिमोग्लोबिनचं द्रावण फिरतंय. १९६० च्या सुमारास अमेरिकेत बेथेस्डाला, नौदलाच्या प्रयोगशाळेत, ज्युडा फोकमन हे तरुण सर्जन लांबच्या सागरी मोहिमांसाठी रक्ताला पर्याय शोधत होते. द्रावणाची कसोटी घ्यायची म्हणून त्यांनी आणि फ्रेडरिक बेकर यांनी त्या ग्रंथीत उंदराच्या कर्करोगाच्या पेशी सोडल्या. पेशी वाढल्या, मोहरीएवढी गाठ झाली आणि वाढ थांबली. पेशी मेल्या मात्र नव्हत्या. तीच गाठ पुन्हा उंदराच्या अंगात घातली की बेफाम वाढे.

फोकमन यांच्या डोक्यातून ते थांबणं गेलं नाही. केशवाहिनीतून झिरपणारा प्राणवायू मिलिमीटरच्या दशांश भागापर्यंत, फार तर त्याच्या दुपटीपर्यंत पोचतो. त्यापलीकडे वाढायचं तर गाठीला नव्या रक्तवाहिन्या हव्यात. म्हणजे गाठ त्या मागवत असली पाहिजे. १९७१ साली त्यांनी हा विचार 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये मांडला आणि पुढे अनेक वर्षं टीका सोसली. गाठीभोवतीच्या वाहिन्या म्हणजे नुसता दाह, असं बहुतेकांचं मत होतं. मला वाटतं, इथे फोकमन यांचं सर्जन असणं कामी आलं. पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर येते ती रक्त निघून गेलेली फिकट गाठ. शस्त्रक्रियेत ती कशी भळभळते, हे सर्जनच्या हातांना माहीत असतं.

पुरावा दिला सशाच्या डोळ्याने. डोळ्याच्या पुढच्या भागातल्या पाण्यात गाठीचा कण तरंगत ठेवला, तर तो जिवंत राही, पण इवलासाच. तोच कण आयरिसवर, म्हणजे डोळ्यातल्या रंगीत पडद्यावर, वाहिन्यांच्या शेजारी टेकवला की वाहिन्या त्यात शिरत आणि गाठ पाहता पाहता हजारो पटींनी वाढे. कॉर्नियात तर मुळात एकही रक्तवाहिनी नसते. तिथे कडेपासून थोड्या अंतरावर गाठीचा तुकडा ठेवला, तेव्हा काही दिवसांत कडेच्या वाहिन्यांना धुमारे फुटले आणि त्या पारदर्शक पडद्यातून नेमक्या गाठीच्या दिशेने सरकू लागल्या. हाक आणि ओ, दोन्ही डोळ्यांनी दिसत होतं.

हाक कोणत्या शब्दात, हे कळायला आणखी वेळ गेला. १९८३ मध्ये डोनाल्ड सेंगर आणि हॅरल्ड ड्वोराक यांना गाठींतून सुटणारं, वाहिन्या पाझरायला लावणारं एक प्रथिन मिळालं. १९८९ मध्ये नेपोलिओन फेरारा यांनी वाहिन्यांच्या अस्तरपेशी वाढवणारं प्रथिन वेगळं केलं, त्याचं नाव व्हीईजीएफ. दोन्ही एकच निघाली. ड्वोराक यांनी गाठीला कधीच न भरणाऱ्या जखमेची उपमा दिली, आणि ती मला अचूक वाटते. जखम भरताना शरीर जी भाषा बोलतं, तीच गाठ उसनी घेते. प्राणवायू कमी पडला की गाठीतल्या पेशी व्हीईजीएफ सोडतात. शेजारच्या वाहिनीतली एक अस्तरपेशी बारीक बोटांसारखे तंतू पसरून त्या दिशेने पुढे होते, बाजूच्या पेशींना मागे राहायची खूण करते, आणि त्या तिच्यामागे नळी विणत जातात.

मग औषधाची वेळ आली. विचार सरळ होता: रसद तोडा, गड आपोआप पडेल. २००४ मध्ये व्हीईजीएफला अडवणाऱ्या बेव्हासिझुमॅबला पसरलेल्या आतड्याच्या कर्करोगासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. मुख्य चाचणीत केमोथेरपीला त्याची जोड दिल्यावर रुग्णांच्या आयुष्याचा मध्यक १५.६ वरून २०.३ महिन्यांवर गेला. ज्या घरात ते महिने मिळाले, तिथे ते अमोल होते. पण गड पडला नाही. स्तनाच्या कर्करोगासाठी दिलेली मान्यता आयुष्य वाढल्याचं न दिसल्याने २०११ मध्ये काढून घेतली गेली. एक हाक अडवली की गाठ दुसरी रसायनं वापरते, किंवा नव्या वाहिन्यांच्या फंदात न पडता जुन्यांनाच बिलगून वाढते.

कानपूरच्या आयआयटीत शिकलेले आणि बॉस्टनमध्ये काम करणारे राकेश जैन यांनी २००१ मध्ये वेगळीच बाजू मांडली. गाठीतल्या वाहिन्या वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात, त्यामुळे औषधही आत नीट पोचत नाही. तेव्हा त्या तोडण्याऐवजी बेताच्या मात्रेने ताळ्यावर आणाव्यात. या मांडणीने मला सर्वांत जास्त शिकवलं, कारण तिने रक्तवाहिनीला नुसती नळी मानलं नाही. बिघडलेली अस्तरपेशी गाठीला वाढीचे संदेश उलट पाठवते आणि प्रतिकारपेशींना धरून आत घेणारे रेणूही कमी करते. २०२० मध्ये यकृताच्या कर्करोगासाठी बेव्हासिझुमॅब आणि इम्युनोथेरपी यांच्या जोडीला मान्यता मिळाली, ती याच विचाराच्या वाटेवर.

फोकमन २००८ मध्ये गेले. ज्या डोळ्याने त्यांना पुरावा दिला, त्याला या संशोधनाने भरभरून परत केलं आहे. मधुमेहात रेटिनाला प्राणवायू कमी पडला की तीही व्हीईजीएफची हाक देते, गळक्या वाहिन्या फुटतात आणि नजर जाते. तेच बेव्हासिझुमॅब अगदी थोड्या मात्रेत आज आपल्याकडेही डोळ्यात टोचून देतात. घरात कुणाला मधुमेह असेल, तर दिसायला कमी होण्याची वाट न पाहता वर्षातून एकदा डोळ्यात थेंब घालून रेटिना तपासून घ्या.