वाड्यातल्या वेड्या बायका

वर्धा जिल्हा १८६२ साली नागपुरातून वेगळा निघाला आणि दोन वर्षांनी नागपूरला वेड्यांचे इस्पितळ सुरू झाले. त्याच १८६२ मध्ये विलायतेत मेरी एलिझाबेथ ब्रॅडनची ‘लेडी ऑडलीज सीक्रेट’ गाजत होती. तिच्यातला डॉक्टर बाईला तपासून सांगतो, ही वेडी नाही, धोकादायक आहे. तरी तिची रवानगी बेल्जममधल्या वेड्यांच्या इस्पितळात होतेच! गॉथिक कादंबरीतल्या वेडीची सगळी गोम इथे उघडी पडते. ‘जेन एअर’ (१८४७) मधली बर्था मेसन माडीवर कोंडलेली. ती गुरगुरते, चावते, घर पेटवते, पण तिची हकीकत सांगतो तिचा नवरा. तिची बाजू ऐकायला जीन ऱ्हीसची ‘वाइड सारगॅसो सी’ यावी लागली, १९६६ साली.

मला १८९२ हे साल जास्त छळते. त्या वर्षी अमेरिकेत शार्लट पर्किन्स गिलमनची ‘द यलो वॉलपेपर’ छापून आली. डॉक्टर नवरा बायकोला विश्रांतीच्या नावाखाली लिहू देत नाही, आणि तिला भिंतीवरच्या कागदाच्या नक्षीआड अडकलेली बाई दिसू लागते. गिलमनने हा उपचार स्वतः सोसला होता. नेमके त्याच वर्षी सूफी अवलिया ताजुद्दीनबाबांना नागपूरच्या त्याच वेड्यांच्या इस्पितळात घातले गेले. लोक तिथेच दर्शनाला जाऊ लागले. १९०८ मध्ये राजे रघुजीराव भोसल्यांनी त्यांना सोडवून आपल्याकडे नेले. शेगावच्या गजानन महाराजांनाही आधी वेड्यातच काढले होते, आणि रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंचे वेड तर महानुभावांनी भक्तीने लिहून ठेवले. आमच्या मुलखात वेड्या पुरुषाला गादी मिळाली. बाईच्या अंगात आले तर घटकाभर ओटी भरायची, पाया पडायचे. वारे उतरले की पुन्हा चूल. बाधा म्हटली, तर मांत्रिक आणि साखळी. भूत उतरवायच्या नावाखाली बांधून मारणे स्वतंत्र गुन्हा ठरायला २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागला.

मराठीत गॉथिकच्या सर्वांत जवळ जाते ते वाड्याचे नाटक. जयवंत दळवींच्या ‘बॅरिस्टर’मध्ये पडका वाडा आहे, पिढीजात वेड आहे, पण ते पुरुषांत. केशवपन झालेली मावशी शहाणीच राहते, आणि तेच अंगावर काटा आणते. विधवेच्या बाजूने बोलणारा बॅरिस्टर मात्र भ्रमात बुडतो. महेश एलकुंचवारांचा ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) तर विदर्भातलाच. अंगणात गंजलेला ट्रॅक्टर, घरात तात्याजींच्या दिवसकार्याची चिंता, आणि शिकायची राहिलेली प्रभा. तिला कोणी कोंडत नाही. घरच्या दागिन्यांवरची शिक्षणाची शेवटची आशा गेल्यावर तीच खोलीचे दार लावून घेते. ‘जेन एअर’मधल्या थॉर्नफिल्डच्या हवेलीत बायको माडीवर टाकून वरून राखणदारीण ठेवणे परवडत होते. आपल्या वाड्यात बाईचे हात माजघरात लागतात, म्हणून तिचे वेड कोणाला दिसत नाही. समीक्षकांनी बर्थेचे जेवढे कौतुक केले, त्याच्या पावपट प्रभेचे केले असते तर बरे झाले असते.

प्रभा दार उघडून गेली असती तर कुठे? वर्धेपासून जवळच, पवनारला धाम नदीकाठी विनोबांनी १९५९ मध्ये ब्रह्मविद्यामंदिर काढले. संसार नाकारणाऱ्या बायका तिथे शेती, स्वयंपाक, छपाई स्वतः करत आल्या, निर्णय सगळ्यांच्या संमतीने घेत आल्या. तिथे त्यांना वेडे कोणी म्हटले नाही. ब्रह्मचर्याची अट मात्र होतीच.